कोरडं बेरिंग

रॉकेटच्या कामाला उघडा हात लावलेला आमच्या अख्ख्या भावकीतला मी पयला आन् एकटा माणूस. हात लावू नको म्हणून सायबांनी मला चार बारी बजावलंतं, आन् तरी मी लावला.

हे मी बोलतोय आन् आक्काची नात मोबाईलवर टाइप करत्या. मला लिवाय येत न्हाय अशातला भाग न्हाय, चौथीपतूर शाळंत गेलतो, पण माझं अक्षर दुसऱ्या दिशी माझं मलाच लागत न्हाय. पोरगी मधीमधी थांबून विचारत्या, "आजोबा, हे खरंच लिवू?" मी म्हणतो, लिव बाळ, झाकून ठेवण्याजोगं माझ्यात काय उरलंय. शहाण्या माणसांनी आपल्या शहाणपणाचं लिवावं. माझ्याकडं तो माल न्हाय, जो हाय तो देतोय.

आमचं शेड शिरोली एमआयडीसीत. पुढं आबांचं वर्कशॉप, मधी पत्र्याची आडभिंत, आन् मागं आमी चौघं राहायचो, आई, आबा, आक्का आन् मी. सकाळी पयला आवाज आईच्या भाकरीचा, थप थप थप. मग पत्र्यापलीकडं आबांचं लेथ मशीन गुरगुराय लागायचं, मग शेजारच्या फौंड्रीतलं घण, मग हमरस्त्यावरनं उसाच्या ट्रॉल्या, आन् त्या ट्रॉल्यांवरची गाणी. एवढ्या सगळ्यात मी घोरत पडायचो. मला उठवायला एकच औषध हुतं. आई तव्यावर खर्ड्याच्या मिरच्या टाकायची आन् आडभिंतीचं दार उघडून धूर माझ्याकडं सोडायची. ठसका लागला की मी उठून बसायचो. आई म्हणायची, "मिरच्या जाळल्याबगार हे मढं हालत न्हाय." मिसरूड फुटल्यावर बी ह्यात काय फरक पडला न्हवता. आज माझी सून अलार्म लावत्या. त्येनं शेजारी उठत्यात, मी न्हाय.

आबा पंप दुरुस्त करायचं. शिरोळकडची शेतकरी मंडळी नदीवरनं पाणी उचलायच्या मोटारी ट्रॅक्टरात घालून आणायची. पूर येऊन गेला की तर दारात मोटारींची रांग, सगळ्यांच्या पोटात गाळ. आबा मोटार चालू करायचं, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेरिंगच्या जाग्यावर टेकवायचं, मूठ कानाला लावायचं आन् डोळं झाकायचं. मग सांगायचं, "आतलं बेरिंग गेलंय, भाईरचं अजून दोन म्हैनं काढंल." उघडून बघावं तर तसंच निघायचं. मी बी एकदा तसाच डोळं झाकून उभा राहिलो आन् म्हणालो, "आबा, ह्येच्यात पाणी खळखळतंय." आबा म्हणालं, "मोटार बंद हाय. ते तुझं पोट हाय."

बेरिंग कुणाला ठावं नसंल म्हणून सांगतो. दोन लोखंडी कडी, एकात एक. मधल्या फटीत गोळ्या. आन् गोळ्या एकमेकींवर चढू नयेत म्हणून त्यांना अंतर देणारी जाळी. बास, एवढंच. पण त्या गोळ्या झिजल्या की मोटार बोंबलाय लागत्या. झिजक्या गोळ्या फेकायचं काम माझ्याकडं हुतं, म्हंजे त्या खिशात घालून गोट्या खेळायला जायचं काम. माझ्या लोखंडी गोळीपुढं पोरांच्या काचेच्या गोट्या फुटायच्या, आन् संध्याकाळी त्यांच्या आया आमच्या दारात. माझं वय विचारल्यावर त्या बायका आईकडं बघायच्या आन् गप निघून जायच्या. भांडण्यापरीस त्यांना आईची दयाच जास्त यायची.

नवं बेरिंग घातलं की त्यात ग्रीस भरायचं. ह्या कामात मात्र माझा हात धरणारं कुणी न्हवतं. डाव्या तळहातावर ग्रीसचा लिंबाएवढा गोळा घ्यायचा, उजव्या हातानं बेरिंगची कड त्यात दाबायची, परत दाबायची, पलीकडनं गोळ्यांमधनं ग्रीस डोकं काढस्तवर. पुरण भरल्यागत. आबांचा सगळ्यात मोठा दंडक हाच, "आपल्या दारातनं कोरडं बेरिंग भाईर जायाचं न्हाय." एकदा एक शेतकरी गडबडीत तसंच मागाय लागला, तर आबांनी त्येला चहा पाजला आन् तेवढ्यात मला ग्रीस भराय लावलं. पैसं न्हाय घेतलं त्येचं.

आईचं बी तेच, फकस्त तिच्या हातात तूप. आमच्यात जेवाय बसलेल्या पावण्यानं "नको" म्हणलं तर त्येचा अर्थ "अजून वाढा, मला लाज वाटत्या" असा धरायचं. "बास, बास" म्हणलं तर दोन पोळ्या. ताटावर आडवा हात धरला तर त्या हातावर तूप. पावणा कोरडी पोळी खाऊन उठला तर आई दोन दिवस कुणाशी बोलायची न्हाय. अशा घरात मी वाढलो. आता बघा पुढं काय झालं ते, आन् मग मला किती शिव्या घालायच्या ते ठरवा.

एक दिवस सायेब आलं. बारीक अंगाचं, पांढरा शर्ट, लांब खाली दक्षिणेकडलं. रॉकेट करणाऱ्या मोठ्या सरकारी ठिकाणी कामाला. आमच्या पलीकडच्या बड्या कारखान्याला त्यांचं काय काम मिळालंतं, पण त्यातल्या एका दांड्यावर चार बेरिंगं बसवायची हुती, तीबी एक बी टोला न मारता, केसाएवढी वाकडी न होता. कारखान्यात मशिनं लाखाची, पण तसला हात न्हवता. कारखानावाल्यांनीच सायबांना आबांचं नाव सांगितलं. सायबांनी लाकडी पेटी टेबलावर ठेवली आन् हिंदीत म्हणालं, "ये रॉकेट के पंप का बेअरिंग है."

आबा म्हणालं, "पंप? रॉकेट में पंप कायको? वर ढगात किसको पानी पाजना है?"

सायेब हासलं. मग त्यांनी सावकाश समजावलं. रॉकेटच्या इंजिनात इंधन आन् लिक्विड ऑक्सिजन पंपानंच ढकलतात. हा ऑक्सिजन लई थंड, इतका की बोट घातलं तर बोट काचेगत मोडंल. आन् ही बेरिंगं त्या थंड ऑक्सिजनमधीच बुडून, आपल्या मोटारीच्या कैक पटीनं जोरात फिरत्यात. आबांचं तोंड उजळलं. मला म्हणालं, "म्हंजे आपल्याच धंद्यातलं हाय की रं." मग सायबांना विचारलं, "कितना म्हैना चलता?"

"दस-बारह मिनट."

आबांनी माझ्याकडं बघितलं. सायेब चेष्टा करत्यात का काय, ते माझ्या तोंडावर कळतंय का बघाय लागलं. माझ्या तोंडावर कधीच काय कळत न्हाय.

सायबांनी दुसरी एक पुडी सोडली. त्यात आधी फिरवून झालेलं एक बेरिंग हुतं. गोळ्यांची चकाकी गेलेली, एकेकीवर निळसर पट्टा पडलेला, जाळी कडंनं खाल्लेली. "घिस गया," सायेब म्हणालं, "यही हमारी मुसीबत है. क्यों घिसता है, कितना घिसता है, वही देख रहे." आन् मग त्यांनी बजावलं. नव्या बेरिंगला तेल न्हाय, ग्रीस न्हाय, उघडा हात न्हाय. चार बारी, आन् चारी बारी माझ्याकडं बघून. मला वाटलं मी शिकलेला न्हाय म्हणून सायेब मला तोडून बोलत्यात. खरं कारण माझी नखं हुती, हे मला लई उशिरा कळलं.

बेरिंगं बसवायला धूळ नसलेली खोली पायजे हुती. आईनं ऑफिसची केबिन तीन बारी धुतली आन् भिंतींना आपली धुतलेली लुगडी बांधली. सायबांनी खिशातनं पांढरा रुमाल काढला, फरशीवर एकदाच फिरवला आन् आईला दाखवला. काळा. आईच्या फरशीला नाव ठेवणारा माणूस तिच्या जन्मात पयल्यांदाच भेटला हुता. तिनं चौथ्यांदा धुतली. ते धुणं न्हवतं, सूड हुता. मग दोन दिवस आबा आन् सायेब डोक्याला फडकं, हातात रबरी मोजं घालून आत बसलं. मला दाराच्या काचंतनं बघायची परवानगी हुती, श्वास भाईर सोडून. तिसऱ्या दिशी दुपारी दांडा तयार झाला, चारी बेरिंगं जाग्यावर. जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तोंड चिकटवून सायबांनी तो पेटीत ठेवला. संध्याकाळची त्यांची गाडी.

जाताना पावण्याला तसंच कसं सोडायचं. आईनं पुरणपोळी केली, कटाची आमटी, भात, कुरडया. सायेब पयल्या पोळीला म्हणालं, "घी नहीं, प्लीज." आईनं पळी सोडली. सायबांनी हात आडवा धरला, आईनं हाताच्या बाजूनं सोडली. दुसऱ्या पोळीला सायबांचा हात मांडीवरच राहिला. तिसरीला त्यांनी स्वतःच ताट पुढं केलं. माझी खात्रीच पटली. शिकलेला माणूस बी आधी न्हायच म्हणतोय, पण त्येच्या जिवाला तूप पायजेच असतंय.

जेवणावर सायेब खाटंवर आडवं झालं. आबा भिंतीला टेकून घोराय लागलं. आई आतल्या खोलीत कलंडली. शेडमधी एकटा मी जागा, जे कधीच होऊ दिलं न्हाय पायजे हुतं. पेटीपुढं उकिडवा बसलो आन् इचार कराय लागलो. इचार करायची सवय न्हाय, त्यामुळं लगीच पटला. बेरिंग का झिजतंय म्हणून ही एवढी शिकलेली माणसं मुलूखभर हिंडाय लागल्यात. आन् बेरिंगात ग्रीसच न्हाय. कोरडं ठणठणीत. झिजंल न्हायतर काय हुईल? एवढी पुस्तकं वाचली आन् ग्रीस इसरली. आन् बोलून दाखवायची लाज वाटत असंल, म्हणून नको-नको म्हणत्यात. मला खरंच सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. देशाचं एवढं मोठं काम चौथी नापास दत्त्याच्या दारात येऊन अडलंतं.

पिशवीचं तोंड कापलं. तळहातावर ग्रीस घेतलं. दांड्यावर बसलेल्या बेरिंगात भराय अवघड जातंय, पण मी बोटानं, मग काडीनं, मग परत बोटानं चारी बेरिंगं तुडुंब भरली. वरनं पुसून घेतली, भाईरनं कळू नये म्हणून. मग पिशवी. आई पापड विकायची, त्येच्या पिशव्या चिकटवायचं काम माझंच. करवतीच्या पात्यावर प्लास्टिकची कड दुमडायची आन् मेणबत्तीच्या ज्योतीवरनं सर्रकन न्यायची. अशी चिकटली की सायबांनी चिकटवलेल्यापरीस सरळ. चार वाजता सायेब उठलं, चहा प्यालं, पेटी उघडून एकदा पिशवी बघितली, मान हालवली आन् रिक्षात बसलं. अंबाबाईचं दर्शन घेऊन स्टेशनावर जाणार हुतं. मी रिक्षामागं हात हालवत उभा राहिलो. माझ्या मनात तवा माझा सत्कार चाललेला.

पाच वाजता आक्का कामावरनं आली. आक्का माझ्यापरीस दोन वर्सांनी मोठी, डिप्लोमा केलेली, जवळच्याच कारखान्यात माप तपासायच्या कामाला. दुधात पोळी कुस्करून ती खात बसली. मला काय पोटात राहीना. म्हणालो, "आक्का, रॉकेट आता झिजायचं न्हाय."

"का रं, तू बघितलंस म्हणून लाजलं?"

मी सगळं सांगितलं. ती पयल्यांदा हासाय लागली. मग घास हातातच राहिला. "दत्त्या, ते बेरिंग फिरतंय कशात?"

"थंडगार लिक्विड ऑक्सिजनात."

आक्कानं ताट खाली ठेवलं, माझा कान धरला आन् मला वर्कशॉपच्या कोपऱ्यात नेलं. तिथं आमच्या गॅस वेल्डिंगचं, ऑक्सिजनचं काळं सिलिंडर उभं हुतं. त्येच्यावर आबांनी स्वतः पांढऱ्या रंगानं लिवलेलं. "वाच," आक्का म्हणाली.

वाचायची गरज न्हवती. मला पाठ हुतं. तेल-ग्रीसचा हात लावू नये. रोज सकाळी साबणानं हात धुतल्याबगार आबा मला त्या चावीला शिवू द्यायचं न्हाईत. शेजारच्या वेल्डरनं एकदा तेलकट हातानं ऑक्सिजनची चावी उघडली आन् फाट करून जाळ झालता. त्येच्या भुवया गेल्या त्या गेल्याच, त्येच्या लग्नाच्या फोटूत काजळानं काढल्यात. ते मी स्वतः बघितलंतं, आन् सगळ्यात मोठ्यांदा हासलो बी मीच हुतो. पण सिलिंडरातला ऑक्सिजन वाऱ्यागत आन् सायबांचा पातळ. मला वाटलं नाव सारखं असंल. आमच्या रस्त्याला तीन दत्ता हुतं.

"एवढं एवढं ग्रीस असलं तरी पेट घेतंय," आक्का म्हणाली. "तू किती घातलंस?"

"तुडुंब."

आबा अजून भिंतीला टेकून निवांत बसलेलं. त्यांच्या हातच्या कामावर माझं ग्रीस, आन् तिकडं ते फिरवणारी दोन-तीन माणसं जवळ उभी. मी म्हणालो, आबांना न सांगता कायतरी करू. आक्का म्हणाली, "आधी सायेब. लुना काढ. मी मागं बसतो."

लुनावर दोघं म्हंजे ती बैलासारखी चालायची, आन् पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या. पंचगंगेच्या पुलावर आमी त्यांच्या मागं अडकलो. गाडीला अर्धा तास. मला तेवढ्यात बी डोकं चालवायची हौस. म्हणालो, "आक्का, आपण सांगू, पेटीत उंदीर शिरलाता."

"उंदरानं ग्रीस भरलं व्हय?"

"मग पिशवी फुटल्या म्हणू, धुवाय पायजे."

"आन् आत बघितल्यावर?"

"मग रॉकेलनं आपणच गुपचूप धुऊ. सायेब चहा प्याय गेलं की पेटी उचलायची..."

आक्कानं मागनं माझ्या डोक्यात अशी टपली मारली की लुना आपोआप ट्रॉलीच्या पुढं गेली. म्हणाली, "रॉकेल जळत न्हाय व्हय रं? तू सांगायचंस. तुझ्या तोंडानं. मी एक शब्द बोलणार न्हाय."

प्लॅटफॉर्मवर सायेब पेटीवरच बसलंतं. मांडीवर आईनं बांधून दिलेला डबा, हातात पोळी. मला बघून त्यांचं तोंड फुललं. मला हिंदी येत न्हाय, आन् येत हुतं तेवढं त्या वक्ताला पळून गेलं. मी म्हणालो, "सायेब, हमने घी लगाया."

"बहुत अच्छा घी," सायेब म्हणालं.

"वो न्हाय. बेरिंगला. ग्रीस. चारोंको."

सायबांनी पोळी डब्यात ठेवली. डबा बंद केला. रुमालानं एकेक बोट पुसलं, दहाची दहा. मग इतक्या हळू आवाजात इचारलं की मला वाकून ऐकाय लागलं, "थैली तो बंद थी. मैंने खुद देखी थी."

मी मेणबत्ती आन् करवतीचं पातं हातानं करून दाखवलं. सायबांनी माझ्या हाताकडं बघितलं. मग म्हणालं, तिथं गेल्यावर उघडून तपासलं असतं बहुतेक. पण पिशवी एवढी चांगली बंद बघून गडबडीत कदाचित नसतं बी. आन् हा दांडा फिरवून बघायच्या चाचणीच्या वेळी शेजारच्या खोलीत ते स्वतः असतात आन् त्यांच्याबरोबर दोन पोरं. एकाचं लग्न ठरलंय. एवढंच बोललं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. गाडी आली, थांबली आन् गेली. सायेब पेटीवर बसूनच राहिलं.

सायेब पेटी घेऊन रिक्षात आन् आमी लुनावर, असं परत आलो. आबांना सांगायचं काम बी आक्कानं माझ्याकडंच ठेवलं. मी सांगितलं. मला वाटलं आता पाना फेकून मारत्यात. आबा उठलं, ग्रीसचा डबा उचलला, दाराभाईर नेऊन ठेवला आन् परत येऊन सायबांपुढं हात जोडलं. हिंदी सोडून दिली त्यांनी. "सायेब, पोरानं न्हाय, आमच्या घरानं लावलंय ते. कोरडं सोडायचं न्हाय एवढंच मी त्येला शिकवलं. का सोडायचं न्हाय, ते शिकवायचं माझं राहून गेलं." आक्कानं ते सायबांना हिंदीत सांगितलं. आबांना कुणापुढं हात जोडलेलं मी तवाच बघितलं. त्यापरीस पाना बरा हुता. आज बी, कुठं ग्रीसचा वास आला की मला आबांचं ते जोडलेलं हात दिसत्यात. पोरगी विचारत्या, हे ठेवू का काढू. ठेव.

सायबांनी आबांना खाली बसवलं आन् ते झिजकं बेरिंग हातात दिलं. ही जाळी साधी न्हाय, म्हणालं. तिच्या अंगातच गुळगुळीतपणा हाय. फिरताना ती स्वतः थोडी थोडी झिजत्या आन् गोळ्यांना आपला पातळ थर देत्या, त्या थरावरच गोळ्या घसरत्यात. जाळी संपली की गोळ्या झिजाय लागत्यात. ते किती येळानं हुतंय एवढंच बघायचं असतंय. आबांनी जाळीवरनं नख फिरवलं. म्हणालं, "म्हंजे ग्रीस हाय. जाळीनं पोटात धरलंय." आक्कानं सांगितल्यावर सायेब पयल्यांदा हासलं. "यही. बस यही." मी म्हणणार हुतो की मला हे आधीच कुणी सांगितलं असतं तर. आक्कानं नुसतं बघितलं.

मग सायेब अजून आठवडाभर राहिलं. आबांनी चारी बेरिंगं दांड्यावरनं काढली, एक टोला न मारता, प्रत्येकाला तासभर, आन् त्या तासात घरात कुणी खोकलं न्हाय. धुवायचं काम मला. नखं कापून, आंघोळ करून, डोक्याला आईचं फडकं, अंगात सायबांचा पांढरा झगा, हातात मोजं. आई म्हणाली, नवरीगत दिसतोयस, पण कोण पसंत करंल वाटत न्हाय. लगीच उडून जाणाऱ्या कसल्याशा औषधानं एकेक बेरिंग धुवायचं, वाळवायचं, सायेब दिव्याखाली बघायचं आन् म्हणायचं, "फिर से." परत धुवायचं. "फिर से." भरायला मला अर्धा तास लागलाता. काढाय तीन दिवस. चौथ्या दिशी सायबांनी आपला तो पांढरा रुमाल काढला, गोळ्यांवरनं फिरवला आन् आईला दाखवला. पांढरा. आई म्हणाली, "माझी फरशी बी तशीच हुती, ह्येंचा रुमालच मळका हुता."

पुढच्या दोन-तीन दिवसांत आबांनी आन् सायबांनी बेरिंगं परत दांड्यावर बसवली. तो आठवडाभर आईनं सायबांना कोरडी पोळी वाढली. तुपाचं भांडं शेजारीच असायचं, पण तिनं पळीला हात लावला न्हाय. शेवटच्या जेवणाला सायबांनीच ताट पुढं केलं आन् म्हणालं, "घी?" आईनं एवढं सोडलं की पोळी पवाय लागली. दोन-तीन म्हैन्यांनी त्यांचं कार्ड आलं. आक्कानं वाचलं. बेरिंगं चांगली चालली. काम परत आबांकडंच येईल, फकस्त पिशव्या ते स्वतः बंद करतील.

आता आबा न्हाईत, आई न्हाय. मोटारींचं काम माझा ल्योक बघतोय, आन् ग्रीसचा डबा अजून दाराभाईरच असतोय. परवा टीव्हीवर रॉकेट सोडताना दाखवलं. सगळं घर जमलं, आक्का आरामखुर्चीत, चष्मा लावून. खाली धूर, जाळ, मग ते हळूच उचललं आन् सरळ वर गेलं. सगळी टाळ्या वाजवाय लागली. मला काय राहवलं न्हाय. पोरांना म्हणालो, "बघा, ह्येच्या पंपात जसली बेरिंगं असत्यात, तसली चार मी ह्या हातानं धुऊन काढल्यात."

आक्कानं टीव्हीवरची नजर काढली न्हाय. म्हणाली, "तू धुतलेली वर गेलीच न्हाईत, दत्त्या. ती चाचणीची हुती. खालीच राहिली, जाग्यावर फिरली आन् झिजली. तुझ्यागत."